नाल्याकडून पाचवा हौद

६ फेब्रुवारी २०२३

खारूताई,

तुझ्या कंपनीने नव्या गृहसंकुलासाठी काढलेली चकचकीत पुस्तिका मिळाली. तिच्यातील ‘या जमिनीची गोष्ट’ हे प्रकरण तू लिहिलेस, असे तुझी आई मोठ्या कौतुकाने सांगत होती. धाकट्या बहिणीच्या कौतुकावर पाणी टाकणे भावाला शोभत नाही, म्हणून तिला काही बोललो नाही. तुला लिहितो आहे.

प्रकरण दोन पानांचे आहे. चुका सात आहेत. शुद्धलेखनाच्या चुका मी यात धरलेल्या नाहीत. त्या पेन्सिलीने दुरुस्त करून पुस्तिका सोबत परत पाठवत आहे.

तू लिहितेस की पिवळ्या रंगाची भुकटी करणारा हा कारखाना १९५२ मध्ये सुरू झाला. तो १९५४ मध्ये सुरू झाला. बावन्न साली येथे नुसते कुंपण होते. तू लिहितेस की १९८९ च्या आगीत कारखाना बंद पडला. आग १९८७ मध्ये लागली, पिंपांच्या गोदामाला लागली, दोन तासांत विझली आणि दुसऱ्या दिवशी पहिली पाळी वेळेवर कामावर हजर होती. कारखाना १९९१ मध्ये मालकांनी बंद केला. आगीने नव्हे. सगळे आगीवर ढकलले की कुणाला जाब विचारावा लागत नाही, हे मला समजते. पण आग बिचारी त्या वर्षी तिथे नव्हतीच.

कळस म्हणजे शेवटचे वाक्य: ‘काळाच्या ओघात निर्मनुष्य झालेली कामगार वसाहत आता पुन्हा जागी होत आहे.’ अगं, या निर्मनुष्य वसाहतीत अकरा बिऱ्हाडे राहतात. त्यांतल्या चार नंबरच्या खोलीत तुझा मामा रोज सकाळी साडेसहाला दाढी करतो. कुणासाठी करतो, ते तुझ्या साहेबांना विचार.

एकोणतीस वर्षे मी या कारखान्याचा आवक-जावक कारकून होतो. येथे आलेला आणि येथून गेलेला प्रत्येक कागद माझ्या हाताखालून गेला. तेव्हा हे ऐकीव नाही.

वसाहत पाडण्याच्या संमतिपत्रावर दहा बिऱ्हाडांनी सह्या केल्या आहेत. अकरावी माझी. चुकीचा इतिहास जोडलेल्या कागदावर मी सही करत नाही. चुका दुरुस्त करून पाठव, सही मिळेल.

तुझा मामा

ता. क. फोन करू नकोस. फोनवर मला ऐकू येत नाही आणि तुला ऐकून घेता येत नाही.


१३ फेब्रुवारी २०२३

मामा,

तुमचं पाकीट ऑफिसात आलं तेव्हा शेजारच्या टेबलावरून विचारणा झाली, “कोर्टाची नोटीस का गं?” म्हटलं, त्याहून वाईट. मामाचं पत्र आहे.

सातही चुका कबूल. कंपनीने कारखान्याच्या जुन्या फायली जमिनीबरोबरच विकत घेतल्या आहेत. त्यांतल्या एका टिपणावरून मी उतरवून काढलं, बाकीचं जाहिरातवाल्यांनी सजवलं. ‘निर्मनुष्य’ त्यांचं. पुढच्या छपाईत सगळं दुरुस्त करते. पण त्यासाठी सही अडवू नका हो! अकराच्या अकरा सह्या झाल्याशिवाय कामाला हात लावता येत नाही. सात नंबरच्या शिवणकामवाल्या मावशींचा मला फोन आला होता. म्हणाल्या, “तुझा मामा पूर्णविरामासाठी आम्हाला गळक्या छपराखाली ठेवणार का?” तुम्हाला कारखान्यात सगळे ‘पूर्णविराम’ म्हणायचे, हे मला त्यांच्याकडून कळलं. आई इतकी वर्षं लपवत होती!

तुमच्यासाठी मी भांडून तळमजल्यावरचं घर मिळवलंय. खिडकीसमोर बालवाडी आणि तिची बाग. मुलांच्या बोलण्यातल्या चुका काढत बसा दिवसभर.

बालवाडीवरून आठवलं. कारखान्याचं गढूळ पाणी निवळायला ठेवायचे, ते पाच हौद तुम्हाला ठाऊक असतील. सगळे आता मातीखाली आहेत. फायलीप्रमाणे ९१ साली क्रमांक एक आणि दोनमधला गाळ काढला. सगळ्यात जास्त गाळ त्यांतच होता. म्हणून बालवाडी आणि बाग त्या दोन्हींवर घेतली आहे, आणि चार-पाचवर गाड्या लावायला फरसबंदी. फायलीत मिळालेल्या जुन्या नकाशाची प्रत सोबत पाठवते. याही तारखा तपासून द्या, म्हणजे पुन्हा पेन्सिल नको.

आई म्हणते, दादाला सांग, आता हट्ट पुरे.

तुमची खारूताई


१ मार्च २०२३

खारूताई,

उत्तराला सोळा दिवस लागले. असे माझ्याकडून पूर्वी कधी घडलेले नाही.

तुझा नकाशा टेबलावर पसरला आणि आधी सवयीने शीर्षकातली चूक शोधली. ती नव्हती. मग हौदांचे आकडे पाहिले, चष्मा काढून पुसला आणि पुन्हा पाहिले. नकाशात हौद क्रमांक एक कारखान्याच्या फाटकाजवळ आहे, आणि क्रमांक पाच नाल्याच्या काठावर.

माझ्या शेजारच्या खोलीत हौदवाला राहतो. तुला तो आठवेल. लहानपणी तुला खांद्यावर बसवून फिरवायचा. त्याने तीस वर्षे याच हौदांवर काढली. सोमवारी त्याला घेऊन तिथे गेलो. आता नुसते गवत आहे, पण कडेचे दगड दिसतात.

“पहिला हौद कुठला रे?” मी विचारले.

तो नाल्याच्या काठावर जाऊन उभा राहिला. “हा.”

“हा पाचवा आहे.”

“कुणी सांगितलं?”

“नकाशाने.”

“मग नकाशाला म्हणावं, पाळी सुटताना झडप बंद करायला ये. झडप नाल्याकडे. ती बंद करून आम्ही वर चालत यायचो. एक, दोन, तीन, चार, पाच. पाचव्यापाशी हातपाय धुतले की समोर फाटक, की घर. नकाशासारखं मोजलं असतं तर रोज संध्याकाळी नाल्यात उतरलो असतो!”

अर्थ तुझ्या ध्यानात आला असेल. तरी लिहितो, कारण मला तो स्वतःला नीट वाचायचा आहे. गढूळ पाणी आधी फाटकाकडच्या हौदात पडे. शिसे आणि क्रोम असलेला पिवळा गाळ तिथे आणि त्याच्या पुढच्या हौदात बसे. नाल्याकडच्या हौदात पोहोचेपर्यंत पाणी जवळजवळ निवळलेले असे. ‘क्रमांक एक व दोन रिकामे करावेत’ हा आदेश नकाशाप्रमाणे बरोबर होता. हौदावरच्या माणसांनी त्यांचे एक आणि दोन रिकामे केले.

“गाळ किती निघाला होता?” मी त्याला विचारले.

“कसला गाळ? चार पाट्या. आम्ही हसलो. म्हटलं, साहेबांना स्वच्छ हौद आणखी स्वच्छ करून हवेत.”

“मग बोलला का नाहीस?”

“कारखाना बंद. माणसं गाठोडी बांधून निघालेली. बोलणार कुणाशी? आणि लेखी आलं होतं की मास्तर.”

नंतर पाचही हौद मातीने बुजवले. सरकारी अधिकारी तपासणीला आला तो त्यानंतर. त्याने नमुना मधल्या हौदातून घेतला. मधला हौद कुठूनही मोजा, तिसराच येतो. त्यामुळे कागद आणि जमीन यांच्यातली तफावत कुणाच्या लक्षात आली नाही.

थोडक्यात, तुमची बालवाडी बरोबर गाळावर बसते आहे. हौदावर या आदेशाची चिठ्ठी नकाशाविना पाठवली गेली होती. काम थांबव.

मामा


७ मार्च २०२३

मामा,

चिठ्ठी ‘पाठवली गेली होती’! दुसरीत असताना मी ‘कप फुटला गेला’ म्हटलं होतं, तेव्हा तुम्ही मला जेवणाआधी दहा वेळा ‘कप मी फोडला’ म्हणायला लावलं होतं. ती चिठ्ठी फायलीत आहे. अक्षर तुमचं. सही तुमची.

मी साहेबांकडे गेले होते. तुमचं पत्र दाखवलं नाही, नुसतं विचारलं की बालवाडीखालची माती पुन्हा तपासायची का. त्यांनी दार लावून घेतलं. म्हणाले, “जमीन स्वच्छ असल्याचा सरकारी दाखला आहे. दाखला असताना जमीन उकरणं म्हणजे आपल्याच हातानं आपलं घर पाडणं.” मग त्यांनी तुमची चिठ्ठी समोर ठेवली. “मामांनी फार ताणलं, तर आम्हाला हा कागद बाहेर काढावा लागेल. बत्तीस वर्षांपूर्वी कुणी घोळ घातला, ते लोकांना कळेल. त्यापेक्षा संकुलातल्या वाचनालयाला त्यांचं नाव देऊ. मोठं घर हवं असेल तर तेही बघू.” मोठ्या घराचं तुम्ही कधी बोललात?

मामा, मी खरं सांगते. माझी नोकरी गेली तर दुसरी मिळेल. पण तुमचं काय? लोक तुमच्याकडून अर्ज लिहून घेतात, कारण तुमचा कागद चुकत नाही. ब्याऐंशीव्या वर्षी हे कशाला अंगावर घेता? बालवाडी दुसरीकडे सरकवण्यासाठी मी आतून काहीतरी करते. वेळ द्या. तोवर सही करा आणि गप्प राहा.

रागावू नका.

तुमची भाची


१६ मार्च २०२३

चिरंजीव भाचीस,

कप मी फोडला.

आदेश माझ्याकडे आला. त्याला नकाशाची एकच प्रत जोडलेली होती. मूळ कागद फायलीबाहेर जाऊ द्यायचा नाही हा माझा नियम होता, आणि त्या नियमाचा मला गर्व होता. मी आदेशाचा मजकूर अक्षर न अक्षर उतरवला, नकाशा फायलीला लावला आणि नुसती चिठ्ठी हौदावर धाडली. माणसे नाल्याकडून मोजतात, हे मला माहीत होते. एकोणतीस वर्षे रोज त्यांची ‘तिसरा तुंबला’, ‘पाचवा भरला’ अशी टिपणे माझ्या टेबलावर येत होती. ते आणि हे माझ्या डोक्यात कधी एकत्र आले नाही. कागद निर्दोष होता, एवढ्यावर मी समाधानी होतो.

आता तुझ्या साहेबांना माझा निरोप सांग. तो कागद बाहेर काढण्याची धमकी देण्याचे कारण नाही. मीच काढला आहे. गेल्या शनिवारी नळावर सगळ्या बिऱ्हाडांसमोर मी सांगितले की चिठ्ठी माझी होती. शिवणकामवाल्या बाईंनी हातातली कळशी खाली ठेवली. म्हणाल्या, “पूर्णविराम, सहीपायी आमची घरं अडवलीत ती अडवलीत, आता हे काय नवीन?”

“नवीन नाही, बाई. बत्तीस वर्षांचं जुनं आहे. चला, दाखवतो.”

हौदवाल्याने फावडे घेतले. मी खुर्ची घेतली, कारण माझे गुडघे उभे राहू देत नाहीत. फाटकाकडच्या हौदावर आता तुमच्या राखणदाराची पत्र्याची खोली आहे. तो धावत आला.

“आजोबा, काय पेरताय?”

“काय पेरलंय ते बघतोय.”

“खणायची परवानगी नाही.”

“तुझ्या वहीत लिही. मास्तर आणि हौदवाला, सकाळी सव्वादहा. ‘परवानगी’ मधला ‘गी’ दीर्घ.”

त्याने खरोखरच लिहिले. कंबरेइतके खणेपर्यंत काळी माती निघाली आणि बाई म्हणाल्या, “झालं? निघायचं?” तेवढ्यात फावड्याला पिवळे लागले. खारूताई, इतक्या वर्षांनीही तो रंग जराही उतरलेला नाही. पिंपातून नुकता काढावा तसा. राखणदार ढेकूळ उचलू लागला, तेव्हा हौदवाल्याने त्याचा हात धरला आणि नळापर्यंत ओढत नेला. “माझी खाट इथंच असते हो,” राखणदार पुन्हा पुन्हा सांगत होता. त्याच दुपारी त्याने खाट उचलली.

बाईंनी खड्ड्यात वाकून पाहिले. त्यांच्या नातीचे नाव तुमच्या बालवाडीत आधीच घातलेले आहे. मग मला म्हणाल्या, “माझी सही परत कशी घ्यायची, तो अर्ज लिहून द्या. आणि कडक लिहा.” असे सात अर्ज मी त्या दिवशी लिहिले. उरलेले तिघे अजून माझ्यावर चिडलेले आहेत. त्यांची छपरे खरोखरच गळतात, तेव्हा त्यांचा राग मला मान्य आहे.

माती बरणीत भरून महाविद्यालयाच्या रसायनशाळेत दिली आहे. पालिकेकडे माझ्या नावाने तक्रार दाखल केली आहे. तिच्यात पहिलेच वाक्य माझ्या चुकीचे आहे.

वाचनालयाला माझे नाव नको. मोठे घर मी मागितलेले नाही. तुझ्या साहेबांना ते कुठे ऐकू आले कोण जाणे. आणि तू ‘आतून काहीतरी’ करणार म्हणतेस, त्याविषयी एवढेच: मीही त्या वेळी आतच होतो. गप्प राहा, हे वाक्य तू मला लिहिलेस, की त्यांनी तुझ्याकडून लिहवून घेतले? पहिले असेल तर तुला माझे म्हणणे कळलेले नाही. दुसरे असेल तर यापुढे पत्र घरच्या पत्त्यावर पाठवीन.

सही करणार नाही.

मामा


४ एप्रिल २०२३

मामा,

ते वाक्य माझंच होतं. मी घाबरले होते, तुमच्यासाठी आणि थोडी माझ्यासाठी. तुमचं पत्र वाचून चार दिवस कुणाशी धड बोलले नाही. आई म्हणाली, “मामा-भाची सारखीच. तोंड फुगवून बसायचं आणि मग एकदम काहीतरी करून मोकळं व्हायचं.”

तर केलं. मूळ नकाशा फायलीबाहेर काढला. ज्यावर कारखान्याचा शिक्का आहे तो. पालिकेच्या अधिकारी बाईंच्या हातात दिला आणि पोच घेतली. (पोच तुम्हाला आवडेल. एकही चूक नाही.) दुसऱ्या दिवशी साहेबांनी मला घरी बसायला सांगितलं. ‘पुढील सूचनेपर्यंत.’ टेबलावरचं झाड घेऊन आले.

रसायनशाळेचा अहवाल पालिकेत पोहोचलाय. शिसं मर्यादेच्या कित्येक पट. तूर्त कामाला स्थगिती आहे. १७ एप्रिलला, सोमवारी सकाळी अकराला सुनावणी आहे.

कंपनीनं लेखी म्हणणं दिलंय, ते ऐका. पाचही हौद ८९ सालीच साफ झाले होते. आणि ते साफ न होण्याला ९१ सालची तुमची चिठ्ठी जबाबदार आहे. दोन्ही एकाच पानावर! पुढे, तुम्ही जानेवारीत मोठं घर मागितलंत, ते न मिळाल्यानं तक्रार केलीत. पुस्तिकेतल्या सगळ्या तारखाही तशाच. त्या माझ्या चुका आता ते पुरावा म्हणून वापरतायत, मामा. ते माझं मलाच वाचवत नाही.

अधिकारी बाई म्हणाल्या, खऱ्या तारखांची एक यादी द्या, सहीनिशी. कुणाकडून आणाल, असं त्यांनी विचारलं तेव्हा मला हसू आलं.

लवकर पाठवा. मी तुमच्या शेजारी बसणार आहे.

खारूताई


८ एप्रिल २०२३

खारूताई,

झाडाला पाणी घालत जा. यादी खाली देत आहे. एक प्रत पालिकेला, एक कंपनीला, एक तुझ्याकडे. मूळ मी स्वतः घेऊन येईन आणि बाईंच्या हातात देईन.

तारखांची दुरुस्ती

११ जानेवारी १९५४: कारखाना सुरू. पुस्तिकेतील १९५२ चुकीचे.

२३ मे १९८७: पिंपांच्या गोदामाला आग. २४ मे रोजी उत्पादन चालू. पुस्तिकेतील १९८९ ची आग लागलेलीच नाही.

१९८९: या वर्षी एकही हौद साफ केलेला नाही. कारखाना तीन पाळ्यांत चालू होता आणि हौद रोज भरत होते. चालू हौद साफ कसा केला, हे कंपनीने सुनावणीत समजावून सांगावे.

३० सप्टेंबर १९९१: मालकांनी कारखाना बंद केला.

७ ऑक्टोबर १९९१: क्रमांक एक व दोन रिकामे करण्याचा आदेश, नकाशासह, माझ्याकडे आला.

८ ऑक्टोबर १९९१: मी नकाशा ठेवून घेतला आणि नुसती चिठ्ठी हौदावर पाठवली. चूक माझी. हौदावरच्या माणसांकडे तिचा कोणताही भाग नाही.

१४ ते २६ ऑक्टोबर १९९१: नाल्याकडचे दोन हौद रिकामे केले. फाटकाकडचे दोन जसेच्या तसे राहिले.

९ नोव्हेंबर १९९१: पाचही हौद मातीने बुजवून पूर्ण.

१८ नोव्हेंबर १९९१: सरकारी तपासणी. नमुना फक्त तिसऱ्या हौदाचा. २ डिसेंबरचा दाखला त्या एका नमुन्यावर दिलेला आहे.

जानेवारी २०२३: मी मोठे घर मागितल्याची तारीख कंपनीने दिलेली नाही. मीही देऊ शकत नाही, कारण तसा दिवस उगवलेला नाही.

११ मार्च २०२३: फाटकाकडचा हौद कंबरेइतका खणला. गाळ मिळाला. नोंद राखणदाराच्या वहीत आहे. ती वही हजर करावी.

१६ मार्च २०२३: भाचीला मी लागट लिहिले. त्या पत्रातील ‘गप्प राहा’ पासूनची तीन वाक्ये मागे घेत आहे. (ही ओळ फक्त तुझ्या प्रतीत.)

फाटकाकडचे दोन हौद प्रत्यक्ष रिकामे झाले: ही जागा कोरी ठेवली आहे. ती भरणे कंपनीचे काम आहे. संमतिपत्रावरील माझ्या सहीची तारीख हिच्या नंतरची असेल. एक दिवसही आधीची नसेल.